इम्पॅक्ट बॅग: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

गोल्फमध्ये आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचे) फटके फॅट लागत असतील, म्हणजे क्लब बॉलच्या आधीच जमिनीत रुतत असेल, तर इम्पॅक्ट बॅग, म्हणजे क्लबने मारून सराव करायची पिशवी, जरूर घ्या. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) स्लाइस, म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळणं, घालवायला घेणार असाल तर घेऊ नका. पुण्यात पावसाळ्याच्या आधीपासून ती वापरतेय, आणि हे मत आता पक्कं झालंय.

बॅग रिकामी येते. जुने टॉवेल, चादरी ठासून भरायच्या. वाळू नको, मनगटाला हिसका बसतो. शिलाई अजून शाबूत आहे.

क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) बॉलला चिकटलेला असतो तो जेमतेम 0.0005 सेकंद. एवढ्यात काय झालं ते खेळणाऱ्याला कळत नाही. बॅगेवर मात्र क्लब तिथेच अडतो. सात नंबरच्या आयर्नने अर्ध्या जोराने मारायचं आणि तसंच थांबून बघायचं: हात क्लबहेडच्या पुढे आहेत का, डावं मनगट सपाट आहे का, वजन डाव्या पायावर आलंय का. (मी उजव्या हाताने खेळते.) मनगट आधीच सुटलं असेल तर शाफ्ट (क्लबची दांडी) मागे कललेली दिसते. कोचने कितीही वेळा सांगितलं तरी जे अंगात उतरत नव्हतं, ते इथे उतरलं.

पण त्या स्थितीला पोचायचं कसं, हे बॅग शिकवत नाही. डाउनस्विंग साधारण पाव सेकंदाचा. त्यात आधी डाव्या पायावर दाब, मग कंबर, खांदे, हात आणि शेवटी क्लब, असा क्रम हवा. समोर बॅग दिसली की ताकद लावावीशी वाटते, उजवा खांदा आधी धावतो आणि क्लब बाहेरून आत येतो. फेस त्या मार्गापेक्षा उघडा राहिला की स्लाइस ठरलेला! योग्य क्रम तळ्यावर दगडाच्या भाकऱ्या काढताना दिसतो: आधी पाय पुढे पडतो, मग कोपर अंगालगत येतं, दगड सगळ्यात शेवटी सुटतो. बॅगेवर मारण्याआधी दगड न घेता तीच हालचाल सावकाश करावी. ड्रायव्हरला तर बॅगेची सवय आडवीच येते. टीवरचा (छोट्या खुंटीवर ठेवलेला) बॉल किंचित वर जाताना मारायचा असतो.

खरी परीक्षा गवतावर. सरावाच्या मॅटवर क्लब घसरतो आणि फॅट फटकाही बरा वाटतो. गवतावर चुन्याची रेष ओढून, तिथे बॉल आहे असं समजून मारा; डिव्हट (क्लबने गवत उखडून पडलेला खड्डा) रेषेच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला पडायला हवा. सात आणि आठ नंबरला माझा आता बहुतेक वेळा तसा पडतो. पाच नंबर अजून तितका स्वच्छ लागत नाही, त्यासाठी सध्या बॅगेपेक्षा रेषेलाच जास्त वेळ देतेय.