रात्रभराच्या नाटकाला पुरे पडणारे पेडल

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजूला दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू झाला की आम्हा वाजवणाऱ्यांना रात्री उशिरापासून पार उजाडेपर्यंत बसावे लागते, आणि बेस ड्रमचे पेडल कसे आहे हे दोन अंक होईपर्यंत पोटरीच सांगते. माझे आधीचे स्वस्त, एकेरी साखळीचे पेडल ऐन लावणीत सतरंजीवरून पुढे सरकत असे. एकदा तर स्प्रिंगचा नट सैल होऊन बीटर (ड्रमवर आदळणारा दांडा) कातड्याला टेकूनच राहिला आणि पुढचे कडवे मला नुसत्या स्नेअरवर, म्हणजे काठीने वाजवायच्या छोट्या ड्रमवर, काढावे लागले.

म्हणून टामा कंपनीचे आयर्न कोब्रा ६०० घेतले. साखळी दुहेरी आहे आणि तळाला धातूची भक्कम पट्टी असल्यामुळे पेडल पायाखाली वळवळत नाही. खरी सोय मात्र कॅमची, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते त्या चकतीची, आहे: तो एका प्रकारे लावला तर पायाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच भार जाणवतो, दुसऱ्या प्रकारे लावला तर बीटर शेवटच्या टप्प्यात वेग घेऊन जोरात आदळतो. मी पहिलाच प्रकार ठेवला आहे, कारण मंडपात बेस ड्रमसमोर माईक असतोच. जोरापेक्षा ठेका न तुटणे मला महत्त्वाचे वाटते.

वजन मात्र बरेच आहे, दुचाकीवर नेताना ते जाणवते. शिवाय धान कापलेल्या बांधीत मंडप असला की साखळीत धूळ बसते. प्रयोगानंतर ती ब्रशने झाडून तेलाचा एक थेंब सोडावा लागतो.