साताऱ्यात बसून काम करायची जागा: 8 महिने रोज येतेय, त्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगते, 5 पैकी साडेचार. अर्धा तारा जिन्यासाठी कापलाय, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पोवई नाक्यापासून चालत 10 मिनिटांवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर ही जागा आहे. पूर्वी इथे नुसती स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होती, ती मागच्या हॉलमध्ये अजून चालते. पुढच्या हॉलमध्ये 18 टेबलं, कॉल घ्यायला काचेच्या 2 छोट्या खोल्या आणि 6 माणसं बसतील अशी मीटिंगची खोली. महिन्याला 3,200 रुपये, टेबल ठरलेलं. एका दिवसापुरतं यायचं असेल तर 200. दाराकडून तिसरं टेबल माझं आहे. त्याच्या ड्रॉवरमध्ये माझा हेडफोन, आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक आणि खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा असतो. रोज आवराआवर करून काही घरी न्यावं लागत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण याच गोष्टीवरून मी 11 वर्षांची नोकरी सोडली म्हटलं तरी चालेल.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा वाकडला भाड्याने राहत होते, ऑफिस हिंजवडी फेज 3 ला. त्याच वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला आणि मी साताऱ्याला आले. 2021 मध्ये कंपनीनेच मेल केला की ज्यांचं काम घरून होतंय त्यांनी कायम घरूनच करावं. त्या मेलवर विसंबून वाकडचा फ्लॅट सोडला, मुलीला इथल्या शाळेत घातलं. चार वर्षं काम चोख झालं. दोनदा वर्षाअखेरीस सगळ्यात वरचं रेटिंग मिळालं.

मग वारं फिरलं. सप्टेंबर 2024 मध्ये अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की 2 जानेवारी 2025 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायचं, आणि आमच्याकडे कुजबुज सुरू झाली. जानेवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल आला: 1 मार्चपासून पाच दिवस ऑफिस, हजेरी अप्रेझलला जोडलेली. माझ्या मॅनेजरलाही तो मेल आमच्याबरोबरच मिळाला. सोमवारी आम्ही त्यांना विचारत होतो आणि ते वरच्यांना विचारत होते. मी आईचे डॉक्टरांचे कागद लावून सवलतीचा अर्ज केला. चार दिवसांनी पोर्टलवर एका ओळीचं उत्तर आलं, ‘निकषात बसत नाही’. निकष काय ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले. मजल्यावर जागा कमी आणि माणसं जास्त, म्हणून आदल्या रात्री अ‍ॅपवर टेबल बुक करायचं. पहिल्या दिवशी मला टेबल मिळालं नाही. कॅन्टीनमध्ये, डोशाच्या काउंटरसमोर बसून मी बंगळूर आणि चेन्नईच्या टीमबरोबर कॉल घेतला. आमच्या 11 जणांपैकी पुण्यात फक्त तिघं होतो, आणि आम्ही तिघं तीन वेगळ्या मजल्यांवर बसलो होतो. ज्यांच्याशी बोलायला मला साताऱ्याहून आणलं, ते सगळे स्क्रीनवरच होते. संध्याकाळी भूमकर चौकात बसमध्ये सव्वा तास अडकले आणि तिथूनच आईला फोन लावला. झटक्यानंतर तिची जीभ जड झालीय, फोनवर तिचं बोलणं मला नीट कळत नाही. समोर असली की तिच्या ओठांवरून कळतं. तिने दोनदा तेच सांगायचा प्रयत्न केला आणि मग फोन मुलीकडे दिला. राजीनामा द्यायचं त्या बसमध्ये ठरलं.

नोटीस पिरियड 90 दिवसांचा, तोही ऑफिसला येऊनच भरायचा म्हणाले. सोमवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेट, शुक्रवारी रात्री परत, मधले दिवस पीजीमध्ये. जूनमध्ये सुटले. तोवर आमच्या टीममधले आणखी तिघं गेले होते. त्यातला एक जण आमच्या सगळ्या जुन्या कोडचा जाणकार होता, त्याच्या जागी दोन माणसं घेतली तरी काम अडतंय असं कळलं.

शेवटच्या दिवशी एचआरच्या बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं की यावर अभ्यास झालेला आहे, वाचा. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला आणि जून 2024 मध्ये तो ‘नेचर’मध्ये छापून आला. आठवड्याचे दोन दिवस घरून काम करू दिलं तर नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामाचा दर्जा कुठेही घसरला नाही. सर्वांत जास्त फरक पडला तो बायकांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. तिन्हींत मी बसते. बाईंनी ऐकून घेतलं, फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं आणि सही मागितली. मी ते खोडायला लावलं. माझं कारण वैयक्तिक नव्हतं, त्यांच्या निर्णयाचं होतं.

आता या जागेबद्दल. नवी नोकरी पूर्ण घरून आहे, पण त्यांची एक अट होती, नेट बंद पडता कामा नये. आमच्या पेठेत पावसात नेट हमखास जातं, म्हणून जुलैत इथे चौकशी केली. दादांनी (मालक, त्यांना सगळे दादाच म्हणतात) पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, ‘ताई, तुमचे कॉल किती वाजता असतात? मोठ्याने बोलावं लागतं का?’ काम देणाऱ्या माणसाने हे मला 11 वर्षांत विचारलं नव्हतं. माझे कॉल दुपारी चारनंतर असतात म्हटल्यावर त्यांनी काचेच्या खोलीजवळचं टेबल दिलं आणि चार ते सहा ती खोली माझ्या नावाने फळ्यावर लिहून टाकली.

नेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन आहेत, एक गेली की दुसरी आपोआप चालू होते. 8 महिन्यांत माझा कॉल एकदाच तुटला. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर साधारण चार तास निघतात, पंखे चालू राहतात, एसी बंद होतो. खुर्च्या चांगल्या आहेत, माझी कंबर बोलत नाही आता. बायकांचं स्वच्छतागृह वेगळं आहे, आतून कडी नीट लागते आणि पाणी असतं. चहा खालच्या टपरीवरून सकाळी 11 आणि दुपारी 4 ला येतो, त्याचे पैसे वेगळे. डबा खायला गॅलरीत बाकडं टाकलंय, तिथून अजिंक्यतारा दिसतो.

इथे बसणाऱ्यांत माझ्यासारखे अजून पाच जण आहेत. एक जण कऱ्हाडहून रोज येतो, एक वहिनी कोरेगावच्या, त्यांनी बंगळूरची नोकरी सोडली. सगळ्यांच्या कंपन्या वेगळ्या, पण मेल जवळपास तोच. दुपारी डबा खाताना आम्ही एकमेकांच्या जुन्या टीमची खबर घेतो. कोण गेलं, कोण अजून नोटीसवर आहे. राग आहे, आणि काम चांगलं होतं याची हळहळही आहे. माझी ती टीम मी स्वतः उभी केली होती.

तक्रारी दोन. मागच्या हॉलमधली मुलं परीक्षेच्या दिवसांत मोठ्याने पाठ करतात, तेव्हा हेडफोनशिवाय बसवत नाही. आणि जिना. अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, एका बाजूला कठडाच नाही. कोरेगावच्या वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या भिंतीला हात लावून चढतात. पावसाळ्यात तर खालच्या चार पायऱ्या ओल्याच असतात.

गणपतीनंतर आम्ही सहा जणांनी मिळून दादांना कठड्याबद्दल सांगितलं. इमारत भाड्याची आहे, मूळ मालकाला विचारावं लागेल म्हणाले. दिवाळीनंतर होकार आला, वेल्डर माप घेऊन गेलाय. गेल्या मंगळवारी डब्याच्या वेळी दादांनी वहिनींना खाली बोलावलं आणि कठडा किती उंच हवा ते त्यांचा हात धरायला लावून भिंतीवर खडूने खूण केली. ती खूण अजून आहे. कठडा बसला की उरलेला अर्धा तारा देईन.