बालवाडीतून पहिलीकडे: एका डिजिटल पोर्टफोलिओ सेवेचे परीक्षण

बालवाडीच्या वर्गात दोन वर्षे ही सेवा वापरल्यावर आणि त्या काळात मुलांची एक तुकडी शाळेत पोचवल्यावर तिच्याविषयी मत देण्याइतका अनुभव आता गाठीशी आला आहे. टॅबवर फोटो, छोटी चित्रफीत किंवा मुलाचा आवाज टिपायचा, त्याखाली चार ओळींची नोंद लिहायची आणि ती पालकांपर्यंत पोचवायची, हे तिचे मूळ काम ती चोख करते.

नोंदीसाठी दिलेला साचा मला विशेष आवडला. काय घडले, त्यात मूल काय शिकताना दिसले आणि पुढे काय करता येईल, असे त्याचे तीन भाग आहेत. ही रीत न्यूझीलंडच्या मार्गारेट कार यांनी रुजवलेल्या ‘शिकण्याच्या गोष्टीं’ची आहे, त्या देशाच्या १९९६ सालच्या ‘ते फारिकी’ या बालशिक्षण अभ्यासक्रमाला साजेसे मूल्यमापन कसे असावे, या शोधातून ती घडली. मुलाला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी ते कशात रमते आणि कुठे चिकाटी दाखवते, हे शिक्षिका बहुधा मुलालाच उद्देशून लिहिते. ‘पूल तीनदा पडला, तरी तू चौथ्यांदा रचलास’ हे वाक्य घरी वाचून दाखवले गेले की ‘समाधानकारक’ या शेऱ्याची उणीव कोणालाच भासत नाही. उलट दिशेची वाटही मोकळी आहे: वर्गात महिनोन्‌महिने गप्प राहिलेल्या एका मुलीचा, धाकट्या भावाला गोष्ट रंगवून सांगतानाचा आवाज तिच्या आईने पाठवला, आणि तिच्याविषयीचा माझा अंदाज किती अपुरा होता ते मला कळले.

वेळेचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. टॅब हाती आला की शिक्षिकेला फोटोंचा सोस लागतो आणि मुले खेळ सोडून कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. (पहिल्या तीन महिन्यांत मीही याला अपवाद नव्हते.) मूल्यमापनापायी मुलांशी चाललेला संवाद दीर्घकाळ तुटू नये, अशी अट इंग्लंडच्या बालशिक्षण चौकटीत आहे, ती आम्ही पुढे स्वतःहून पाळू लागलो आणि नोंदी दिवसाला दोनतीनच ठेवल्या.

खरी कसोटी लागली ती मुले पहिलीत जाताना. सेवेतून बाहेर काढलेला पोर्टफोलिओ पीडीएफ स्वरूपात येतो आणि त्यात आवाज व चित्रफिती गळून पडतात. म्हणजे त्या गप्प मुलीच्या गोष्टीच्या जागी केवळ एक करडी चौकट उरते. शिवाय वर्गभर मुलांची शंभर-शंभर पाने नव्या शिक्षिकेने केव्हा वाचावीत? समूहफोटोंत इतरांचीही मुले असल्याने त्यांच्या पालकांची संमती निराळी घ्यावी लागली, आणि त्यासाठी सेवेत काहीही सोय नाही.

शेवटी आम्ही प्रत्येक मुलाजवळ टॅब घेऊन बसलो आणि नव्या बाईंना काय दाखवायचे ते त्यालाच विचारून दहा नोंदी वेगळ्या केल्या. एकाने मी नावाजलेले चित्र बाजूला सारून स्वतः बुटाची नाडी बांधल्याचा फोटो निवडला; ‘हे मला आता येतं’ एवढेच त्याचे कारण होते. या दहा पानांची छापील पुस्तिका मुले पहिल्या दिवशी शाळेत घेऊन गेली आणि अनोळखी वर्गात बोलण्याजोगा विषय त्यांच्या हातात होता. सेवेत मुलाच्या निवडीला स्वतंत्र जागाच नसल्यामुळे हे सारे हाताने करावे लागले, हा मला तिचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

बालवाडीपुरती ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. पण शाळाप्रवेशासाठी तिचा उपयोग करायचा असेल, तर नोंदणीपूर्वी एका मुलाचा नमुना पोर्टफोलिओ बाहेर काढून पाहावा आणि त्यात आवाज ऐकू येतो का ते तपासावे.