पिवळा टँग सांगून भलताच मासा गळ्यात मारला

५१,६५० रुपये गेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण घरी तो खरा सांगायलाही मला धीर करावा लागला, आणि आपल्या याच लाजेवर हे लोक जगतात. घरी समुद्री माशांची टाकी ठेवणारे कितीतरी जण असे फसलेले असतात, बोलत मात्र कुणी नाही.

आमची टाकी सहा फुटी, साधारण आठशे लिटरची, सांगलीत विश्रामबागला. त्यात मऊ प्रवाळ आहेत, झोअँथस, मशरूम, लेदर. उन्हाळ्यात फॉस्फेट चढलं आणि खडकांवर केसाळ शेवाळ माजलं. आरओचे फिल्टर बदलले, लाइटचे तास कमी केले, हातानं उपटून पाहिलं. शेवटी शेवाळ खाणारे मासे घ्यायचं ठरवलं. एवढ्या टाकीला एकाच जातीवर भागत नाही. पिवळा टँग लांबट तोंडानं फटीतलं शेवाळ खुडतो. टोमिनी टँगचे दात बारीक कुंच्यासारखे, तो काचेवरचा आणि खडकावरचा पातळ थर घासून खातो. लॉनमोवर ब्लेनी खडक खरवडत बसतो. फॉक्सफेसला जाडंभरडं शेवाळही चालतं (त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, टाकीत हात घालताना जपा). ही यादी बरोबर होती. आजही मी हीच करेन.

मासे विकणारा माणूस मुंबईचा, म्हणजे तो स्वतः तसं सांगायचा. पिवळा टँग २६,८००, टोमिनी ६,२००, दोन ब्लेनी २,८००, फॉक्सफेस ४,५००. पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सचं भाडं १,८५०. पैसे गेल्यावर 'क्वारंटाइन डिपॉझिट, मासे पोचले की परत' म्हणून आणखी ९,५००. असलं डिपॉझिट कुणीही मागितलं तर तिथेच व्यवहार थांबवा. ते परत येत नाही.

पिवळ्या टँगची किंमत ऐकून काहींनी मला वेड्यात काढलं. हा मासा मुख्यतः हवाईहून यायचा. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणावरचा परिणाम तपासल्याशिवाय मत्स्यालयांसाठी मासे धरण्याचे परवाने देता येणार नाहीत असं ठरवलं, आणि जगभर भाव चढले. टाकीत पैदास केलेला पिवळा टँग हवाईतल्याच संशोधकांनी २०१५ साली पहिल्यांदा वाढवला. असे पैदाशीचे मासे लहान असतानाच विकायला येतात. त्यामुळे 'तीन इंची, कॅप्टिव्ह ब्रेड' हे त्याचं म्हणणं मला पटलं, आणि कुणालाही पटलं असतं. या माणसाचं प्रत्येक खोटं एकेका खऱ्या माहितीवर उभं होतं.

आता तो व्हिडिओ. मी मागितला होता मासा नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खातानाचा, शेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख. आला. आधी तारखेचा कागद दिसतो, मग कॅमेरा क्षणभर फरशीकडे जातो, मग मासा. कागद आणि मासा एका चौकटीत कुठेच नाहीत. हे मला दिसलं होतं. मी व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहिला. माशाच्या पाठीवरचा पर बुटका वाटत होता. खऱ्या पिवळ्या टँगचा पर शिडासारखा उंच उभा राहतो, आणि शेपटीच्या बुडाशी एक पांढराशुभ्र काटा असतो. तो काटाही दिसत नव्हता. पण बुजलेला मासा पर मिटूनच बसतो. आणि टाकीवर गडद निळी लाइट होती, तिच्याखाली पिवळ्यावरचं पांढरं काय दिसणार? मी विचारलं, त्यानंही हीच दोन कारणं दिली. दोन्ही खरी आहेत! पुढचं वाक्य मी टाइपसुद्धा केलं होतं, 'पांढऱ्या लाइटखाली पुन्हा पाठवा.' तेवढ्यात त्याचा मेसेज आला, 'पुण्याची पार्टी थांबलीय, दहा मिनिटांत सांगा.' मी टाइप केलेलं पुसलं आणि पैसे पाठवले. त्या दहा मिनिटांचा मला अजून संताप येतो.

निळ्या लाइटखालच्या फोटोवर, व्हिडिओवर मासा घेऊ नका. प्रवाळसुद्धा नाही.

खोकं पहाटे ट्रॅव्हल्सनं आलं. टोमिनी मेलेला. ब्लेनी आणि फॉक्सफेस 'पुढच्या लॉटला', ते आजतागायत आले नाहीत. पिवळा मासा जिवंत, पण फिका. विकणारा म्हणाला, प्रवासात अंधारात रंग उतरतो. पिवळ्या टँगचा रंग रात्री खरोखरच उतरतो, म्हणून मी गप्प बसले. पुढे मासा सावरला, पण शेवाळाला तोंड लावेना, दिवसभर वाळू चिवडायचा. मग कल्ल्यामागे नारिंगी पट्टा उमटू लागला. ते ऑरेंज शोल्डर टँगचं पिल्लू होतं. ही पिल्लं अगदी पिवळीजर्द असतात, मोठी झाली की करडी-तपकिरी होतात आणि फूटभराच्या वर वाढतात. वाळूवरचा थर हे त्यांचं मुख्य खाणं, केसाळ शेवाळ त्यांच्याकडून हटायचं नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "मॅडम, मासेच ना? बाजारात पन्नास रुपयांना मिळतात." दुसरं, "एक मासा मिळालाय म्हणताय, मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब." मी दोन माशांचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. साहेबांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. मग म्हणे गुन्हा मुंबईत घडलाय, तिकडे जा. पैसे गेलेलं खातं निघालं तिसऱ्याच राज्यातलं, तर म्हणे मग तिकडे जा. कायदा उघड सांगतो की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे. मी कलम सांगितल्यावर आवाज चढला, "प्रवाळ पाळता ना? वन्यजीव कायद्यात आधी तुमच्यावरच केस होईल." त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे कठीण प्रवाळ आहेत, माझ्याकडे त्यातला एकही नाही. तरी तक्रार करायला आलेल्या बाईला आरोपीसारखं उभं केलं, बाकावरची चार माणसं हसली, आणि शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर "शिक्का आत्ता नाही." ठाण्यात शिक्का नाही!

बँकेत त्याहून थंडपणा. "पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अधिकृत." ते खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. या दोन पत्रांच्या मधे माझे पैसे त्या खात्यातून निघून गेले.

म्हणून सांगते, ठाण्याची वाट पाहू नका. शंका आली त्याच तासाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, पैसे अडवता येतात ते तेव्हाच. ठाण्यानं नकार दिला तर तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. हे त्याच कलम १७३ मध्ये आहे. खोकं उघडताना टेप कापण्यापासून सलग व्हिडिओ घ्या, मेलेल्या माशाची पिशवी फोडू नका, नाहीतर भरपाई नाकारायला तेवढं पुरतं. मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. पण तोच व्हिडिओ परवा एका नव्या नावानं विक्रीला फिरताना दिसला, फक्त तारखेचा कागद बदललेला. डाव्या कोपऱ्यात झाकण नसलेला पांढरा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि काचेवर उभा चरा आहे, आणि भाव आता २४,००० सांगतोय.