सांगलीत मुलांना फुटबॉल शिकवायचाय? डिफेंडर सरांच्या क्लासचा रिव्ह्यू

सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारत होत्या म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. विश्रामबागकडं एका शाळेच्या ग्राऊंडवर संध्याकाळी हा क्लास चालतो. सर मूळचे मिरजेचे, मुंबईत आणि गोव्यात बरीच वर्षं क्लबकडून स्टॉपर म्हणून (गोलसमोर मधे उभा राहून अडवणारा डिफेंडर, म्हणजे बॅक) प्रोफेशनल खेळले, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळणं सुटलं आणि कोचिंगकडं वळले. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, दिवाळीपासून जातोय. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

माझं माहेर कोल्हापूर, त्यामुळं फुटबॉल मला नवीन नाही. पाटाकडील आणि शिवाजी या तिथल्या दोन टीमची मॅच असली की शाहू स्टेडियम कसं भरतं ते लहानपणापासून बघितलंय. पण तिथंसुद्धा खांद्यावर घेतात ते गोल मारणाऱ्याला, बॅकला कोण विचारतंय! सांगलीत आधी एका दुसऱ्या क्लासला घातलं होतं, तिथं प्लॅस्टिकचे कोन मांडून त्यातनं बॉल पायानं पळवायचा, म्हणजे ड्रिब्लिंग, आणि मग गोलवर शूटिंग, रोज तेच. पोरं खूश असायची पण मॅचमध्ये सगळी बॉलच्या मागं एकाच घोळक्यात पळायची.

इथं पहिल्याच आठवड्यात फरक कळला. एक ड्रिल सांगते. पोरगं मधे उभं, समोरून पास येतोय आणि सर त्याच्या पाठीमागं उभं राहून हाताची बोटं वर करतात. बॉल पायाशी यायच्या आत खांद्यावरून मागं बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं, नाही सांगितलं तर पास परत. सुरुवातीला पोरं नुसती बॉलकडंच बघत बसायची. आता माझा मुलगा बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवतो, गल्लीत खेळतानासुद्धा. दुसरं म्हणजे समोरचा बॉल घेऊन अंगावर आला की पोरं लगेच पाय घालतात आणि फसतात. सर त्यांना तिरकं उभं करतात, गुडघे वाकवून, हळूहळू मागं सरकत, आणि लांबून आवाज देतात, "पाय टाकू नको रे, थांब, थांब, त्याला घाई करू दे!" हे शिकवायला स्वतः डिफेंडर असावं लागतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गोलकिकवर, म्हणजे आपल्या गोलजवळून बॉल मारून खेळ परत सुरू करतात त्यावर, तर एक दिवस पूर्ण गेला. २०१९ ला नियम बदलला ना, आधी गोलकिकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय कुणाला घेता यायचा नाही, आता बॉक्समधेच बॅकला पास देता येतो. त्यामुळं बॅकला पहिला टच चांगला पाहिजे आणि डोकं शांत पाहिजे, उचलून लांब मारला की झालं असं आता चालत नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना हे सगळं सर मातीत काठीनं रेघा मारून सांगत होते आणि पोरं खरंच ऐकत होती.

मी एकदा सरांना विचारलं, इतके डिफेंडर कोच कसे काय होतात. ते म्हणाले, "ताई, मागं उभा असतो त्याला अख्खं मैदान दिसतं, आणि बोलून बोलून बाकीच्यांना जागेवर ठेवायचं काम त्याचंच असतं." मग उदाहरणंच सुरू झाली. गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः डिफेंडर, कोच म्हणून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकून दिली, पुढं पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर नेलं. (हे दोन्ही क्लब आता नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं, आपल्या पोरांनी बघायचं कुणाकडं?) महेश गवळी पण गोव्याचेच, भारताचे स्टॉपर. २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत बंगळुरूला मुख्य कोच स्टिमॅकवर बंदी आली तेव्हा सेमीफायनल आणि फायनलला टीम यांनीच सांभाळली, लेबनॉन आणि कुवेत दोन्ही मॅच पेनल्टीवर जिंकल्या. स्टिमॅक स्वतःसुद्धा डिफेंडर, १९९८ च्या वर्ल्डकपला तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या टीममधला. आणि जर्मनीचा बेकेनबाउअर तर सगळ्यांच्या वर, १९७४ ला कॅप्टन म्हणून आणि १९९० ला कोच म्हणून वर्ल्डकप. खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून जिंकणारे ब्राझीलचे झागालो, बेकेनबाउअर आणि फ्रान्सचे देशाँ, त्यात डिफेंडर बेकेनबाउअर एकटाच.

एक मात्र सगळ्या पालकांनी लक्षात घ्या, चांगला खेळला म्हणून चांगलं शिकवेल असं नसतं. कोचिंगचं लायसन्स असतं, डी पासून सुरू होतं, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. कुठल्याही क्लासला घालताना बिनधास्त विचारा कुठलं आहे म्हणून. या सरांनी मी न विचारताच दाखवलं होतं. लहान पोरांना ते हेडिंग (डोक्यानं बॉल मारणं) अजिबात करू देत नाहीत, डोक्याला मार नको म्हणून. इंग्लंडमध्ये पण प्राथमिकच्या मुलांना सरावात हेडिंग नको असं २०२० लाच ठरवलंय. मला हे फार पटलं.

आता अर्धा स्टार. ग्राऊंड काळ्या मातीचं आहे, पाऊस पडला की बुटाला हे एवढे चिखलाचे गोळे, मग क्लास रद्द, आणि मेसेज येतो तो आपण घरातून निघाल्यावर. पावसाळ्यात फी पूर्ण घेतात, तेव्हा निदान आत बसवून व्हिडिओ दाखवून तरी शिकवावं, मी सरांना तसं बोललेय. मुलींसाठी बाथरूमची सोय नीट नाही, शाळेचं कुलूप उघडायला वॉचमनला शोधत फिरावं लागतं. मुली चांगल्या खेळतात तिथं, ही सोय लवकर व्हायलाच पाहिजे.

आणि पालकांना लाईनीवरून ओरडायला बंदी आहे. काही जणांना राग येतो पण माझ्या मते हेच सगळ्यात भारी, कारण पोरांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो.

जाणार असाल तर आधी नुसतं बघायला जा, सर बसू देतात. शूज लगेच घेऊ नका, ग्राऊंड बघून कुठले घ्यायचे ते सर सांगतात. बॉल घेणार असाल तर आठ ते बारा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा घ्या, दुकानदार पाचचा गळ्यात मारतात.