‘हाय डेन्सिटी’ हेअर ट्रान्सप्लांट: टाळूला झेपेल तेवढंच

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये सध्या सर्वांत जोरात विकलं जाणारं पॅकेज म्हणजे ‘हाय डेन्सिटी’: एकाच बैठकीत ३०००-४००० ग्राफ्ट (डोक्याच्या मागून मुळासकट काढून टकलावर लावायचे केसांचे बारीक पुंजके) आणि पूर्वीसारखे दाट केस. या सेवेची किंमत ग्राफ्टच्या एकूण आकड्यावर ठरते आणि घोळ तिथेच सुरू होतो. ३००० ग्राफ्ट १०० चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला ३० पडतात. ६० चौरस सेंटिमीटरवर लावले तर ५०. आकडा तोच, निकाल वेगळा. म्हणून टक्कल मोजून क्षेत्रफळ न सांगता ‘तुम्हाला ३००० लागतील’ म्हणणाऱ्या क्लिनिकला आम्ही पहिल्याच प्रश्नात नापास करू.

निरोगी टाळूवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ते ९० फॉलिक्युलर युनिट, म्हणजे एकत्र उगवणाऱ्या एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके, असतात. त्यातले निम्मे गळेपर्यंत विरळपणा सहसा नजरेत भरत नाही, त्यामुळे ३५ ते ४५ ची लावणीही दाट दिसू शकते. केसाची जाडी तर हिशेबच बदलते. ७० मायक्रॉन जाडीच्या केसाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ५० मायक्रॉनच्या केसाच्या जवळजवळ दुप्पट भरतं. म्हणजे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये किती तरी जास्त झाकलं जातं. शिवाय एक केसाचा ग्राफ्ट आणि तीन केसांचा ग्राफ्ट बिलात सारखेच मोजले जातात. एकूण केस किती आणि एकेरी, दुहेरी, तिहेरी ग्राफ्ट किती, ही फोड लेखी मागायलाच हवी. एकेरी ग्राफ्ट हेअरलाइनच्या (कपाळावर केस सुरू होतात त्या रेषेच्या) पहिल्या दोन-तीन ओळींत, दुहेरी-तिहेरी जाड ग्राफ्ट त्यामागे. हे उलटलं की कपाळावर बाहुलीच्या केसांसारखे झुपके दिसतात.

मग दर चौरस सेंटिमीटरला ६० का लावत नाहीत? लावतात, पण तेव्हा ग्राफ्ट बसवण्यासाठी टाळूत सुईने पाडायच्या चिरा अगदी बारीक लागतात. गेज म्हणजे सुईच्या जाडीचा क्रमांक, मोठा तितकी सुई बारीक: २१ गेजची सुई बाहेरून साधारण ०.८ मिलिमीटर असते, १९ गेजची १ मिलिमीटरच्या किंचित वर. ग्राफ्टभोवतीची जास्तीची चरबी आणि कातडी नीट छाटलेली नसेल तर तो बारीक चिरेत जात नाही, चिमट्याने दाबावा लागतो आणि मुळाचा कंद चिरडतो. एक बसवताना शेजारचा वर उडी मारतो, तो पुन्हा दाबावा लागतो. प्रत्येक चीर बारीक रक्तवाहिन्या कापते. चिरा फार जवळ किंवा फार खोल गेल्या, त्यात रक्तस्राव कमी करायला टोचलेल्या अ‍ॅड्रेनलिनचा मारा जास्त झाला, की मधल्या भागाचा रक्तपुरवठा आखडतो. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, उन्हाने जीर्ण झालेली कातडी किंवा आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण असतील तर धोका आणखी वाढतो. अशा टाळूवर ६० चा हट्ट धरला तर ४० इतकेही जगणार नाहीत, अशी वेळ येऊ शकते.

ग्राफ्ट शरीराबाहेर किती वेळ राहतात, हेही विचारावं. थंड द्रावणात काही तास ते तग धरतात, पण सुकले तर मिनिटांत संपतात. मोठ्या बैठकीत हातमोज्याच्या बोटावर रांगेने ठेवलेले ग्राफ्ट ही आम्हाला सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे.

भरून येण्याचा काळ या पॅकेजच्या जाहिरातीत एका ओळीत आटोपतात. खरी परीक्षा तिथेच असते. पहिले काही दिवस खपली ओढली की ग्राफ्टही तिच्यासोबत येतो. सहा दिवसांनी नुसता केस ओढल्याने तो निघत नाही, खपलीसह सुरक्षित व्हायला मात्र नऊ-दहा दिवस लागतात. तोवर सलाइनचा फवारा, मग सौम्य शाम्पूचा फेस थापून हलक्या धारेने धुणं. नखं अजिबात नकोत. दोन आठवड्यांनंतरही जाड खपल्या तशाच असतील तर धुणं नीट शिकवलेलं नाही, असं समजावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजणं नेहमीचंच. पण लावलेल्या भागाच्या मध्यावर कातडी जांभळट-काळी पडली, दुखणं वाढलं किंवा पू आला, तर फोटो पाठवून उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. रक्तपुरवठा तुटल्याचं ते लक्षण असू शकतं आणि तिथे पुढे केसांऐवजी व्रण राहतो.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. मूळ आत शाबूत असतं. नवी वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसू लागते. तेव्हाच काही ठिकाणी पुटकुळ्याही येतात, कारण नवा केस कातडीतून वाट काढत असतो. घनतेचा निवाडा बारा महिन्यांनी करावा, भोवऱ्यासाठी पंधरा ते अठरा. सहाव्या महिन्यातल्या ओल्या, विंचरलेल्या केसांचे फोटो निकाल म्हणून दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. बोट फिरवल्यावर टाळू खडबडीत लागली तर ग्राफ्ट वरच राहिलेले असतात. बारीक खड्डे असतील तर ते फार खोल बसवलेले असतात. एकदा भरून आल्यावर दोन्ही दोष सुधारणं अवघड.

हाय डेन्सिटीचा सगळ्यात मोठा हप्ता मात्र डोक्याची मागची बाजू भरते. तिथल्या डोनर भागातून, म्हणजे ग्राफ्ट जिथून काढतात त्या जागेतून, काढलेलं मूळ पुन्हा उगवत नाही. ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने (ग्राफ्ट कापून काढायच्या गोल पात्याने) एका जागी फार काढलं की डोकं मागून कसर लागल्यासारखं दिसतं. पंचविशीतल्या माणसाची हेअरलाइन ६० ने भरून टाकली आणि पुढच्या दहा वर्षांत मधलं टक्कल वाढलं, तर तिथे लावायला काही उरत नाही.

म्हणून आमची पसंती अशी: पुढच्या पट्ट्यात ४० ते ४५, मध्ये ३० ते ३५, भोवऱ्यावर त्याहून कमी, आणि मूळचे केस टिकवण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध. कमी वाटलं तर किमान दहा-बारा महिन्यांनी, रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर, त्याच ओळींच्या मधल्या जागेत दुसरी लावणी करता येते. ही शक्यता पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगणारं आणि चिरा कोण पाडणार, डॉक्टर की तंत्रज्ञ, हे कागदावर लिहून देणारं क्लिनिक निवडावं.