कोपराचं लिगामेंट फाटल्यावर: थांबायचं, शिवायचं की नवं बसवायचं?

एमआरआयच्या अहवालात कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) अर्धवट फाटल्याचं आलं, की बेसबॉलमधल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, घरात लगेच एकच वाद सुरू होतो: ऑपरेशन करायचं की नाही? अमेरिकेत शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांना तर हा निर्णय आणखी अवघड जातो, कारण आपल्या घरात सगळी माहिती क्रिकेटची असते. क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवून चेंडू टाकतात, म्हणून वेगवान गोलंदाजाची पाठ जाते. बुमराचं २०२३ मधलं ऑपरेशन पाठीचंच होतं. पिचर मात्र कोपर वाकवून, हात मागे ताणून पुढे झटका देतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर येणारा ताण हे लिगामेंट एकट्याने पेलू शकतं त्याच्या जवळपास दुप्पट असतो. उरलेला भार मनगटाकडे जाणारे स्नायू उचलतात. ते दमले की सगळं ओझं लिगामेंटवर येतं.

कोणी नीरज चोप्राचं उदाहरण देईल. त्याच्या उजव्या कोपराचं ऑपरेशन मे २०१९ मध्ये मुंबईतच झालं आणि जानेवारी २०२० मध्ये तो ८७ मीटरच्या पुढे भाला फेकत होता. पण ते दुखणं हाडाचं होतं, त्यात लिगामेंट नव्याने बांधावं लागलं नव्हतं. त्याच्या कॅलेंडरवरून आपल्या मुलाचं कॅलेंडर मांडू नका.

माझं मत आधीच सांगते. लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर थांबून पाहणं हा खरा, सन्मान्य पर्याय आहे. पण थांबायला सुरुवात करायच्या आधीच थांबण्याची शेवटची तारीख ठरलेली हवी, आणि त्या तारखेला कोणती कसोटी लावायची तेही ठरलेलं हवं. हे ठरवलं नाही, तर थांबणं म्हणजे नुसतं पुढे ढकलणं होतं.

तनाका आणि ओहतानी

दोघेही जपानी, दोघांचंही हेच लिगामेंट, आणि दोघांनीही आधी ऑपरेशन टाळलं.

मासाहिरो तनाका २०१४ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडे आला तो सात वर्षांचा १५.५ कोटी डॉलरचा करार घेऊन. जुलैपर्यंत १२ विजय, ४ पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर लागतो), आणि मग कोपर दुखलं. फाटलेला भाग छोटा होता. वेगवेगळ्या संघांशी संबंधित तीन नामांकित सर्जननी तपासलं आणि तिघांनीही सांगितलं की आत्ता कापू नका. पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं, इंजेक्शन, विश्रांती, मग हळूहळू फेकणं. सप्टेंबरमध्ये तो माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, परतला. त्यानंतर दर हंगामात लोक म्हणत राहिले की आज ना उद्या ते तुटणारच. तो २०२० पर्यंत यांकीजसाठी खेळला, आणि लिगामेंटचं ऑपरेशन त्या काळात झालंच नाही. २०१६ मध्ये त्याने १४ सामने जिंकले आणि फक्त ४ हरले. मात्र त्याने आपली पिचिंग बदलली. फास्टबॉलवरचा भर कमी झाला, स्प्लिटर आणि स्लायडर हे खाली पडणारे, वळणारे चेंडू वाढले. लिगामेंट वाचलं त्यात या बदलाचा किती वाटा होता ते मोजता येत नाही, पण मी तो विसरणार नाही.

शोहेई ओहतानीचं लिगामेंट जून २०१८ मध्ये दुखावलं, दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे अर्धवट फाटण्याची, इजा. त्यालाही पीआरपी आणि स्टेम सेलची इंजेक्शनं दिली. २ सप्टेंबरला तो पिचर म्हणून परतला आणि तिसऱ्याच इनिंगमध्ये त्याचा वेग घसरला. पुन्हा एमआरआय काढला तर नवीन इजा दिसली. १ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. २०१९ मध्ये त्याने एकही पिच टाकली नाही, आणि २०२० च्या जुलैमध्ये परतल्यावर पहिल्या सामन्यात एकही फलंदाज बाद न करता त्याला माउंड सोडावा लागला. त्या वर्षी तो फक्त दोन सामन्यांत पिच करू शकला.

वरवर पाहिलं तर वाटतं की तनाकाचं थांबणं फळलं आणि ओहतानीचं वाया गेलं. मला तसं वाटत नाही. ओहतानी फलंदाजही होता. जूनमध्येच ऑपरेशन केलं असतं तर त्या हंगामातली उरलेली फलंदाजीही गेली असती. थांबल्यामुळे तो जुलैपासून बॅट घेऊन खेळला, २२ होमरन मारले आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ज्या दिवशी ऑपरेशनचा सल्ला जाहीर झाला, त्याच संध्याकाळी त्याने दोन होमरन मारले. तीन महिन्यांत लिगामेंट भरून आलं नाही, तरी त्या तीन महिन्यांतून त्याला काहीतरी मिळालं होतं. तुमच्या मुलाला त्या महिन्यांतून काय मिळणार आहे, हे स्वतःला विचारा. तो फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षण आणि फलंदाजी करणार असेल, तर थांबण्याला अर्थ आहे. बाकावर बसून नुसती वाट पाहणार असेल, तर हिशोब वेगळा होतो.

थांबण्याची वाट

यात साधारण सहा आठवडे ते तीन महिने फेकणं पूर्ण बंद असतं, खांदा, दंड आणि मनगटाकडचे स्नायू बळकट करतात आणि मग अंतर वाढवत फेकायला लावतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनशिवाय उपचार घेतलेल्या ३१ खेळाडूंपैकी ४२ टक्के जुन्या पातळीवर परतले, तेही सरासरी सहा महिन्यांनी. २०१३ मधल्या पीआरपीच्या अभ्यासात ३४ पैकी ३० जण परतले, सरासरी १२ आठवड्यांत. हा दुसरा आकडा फार मोहक आहे आणि दवाखान्यात तोच तुम्हाला ऐकवला जाईल. पण त्या अभ्यासात इंजेक्शन न घेतलेल्या खेळाडूंचा तुलनेसाठी गट नव्हता. पुढे व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या नोंदी तपासल्या, तेव्हा पीआरपी घेतलेले न घेतलेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणून मी इंजेक्शनवर फार आशा ठेवणार नाही. यातला खरा उपचार म्हणजे विश्रांती आणि व्यायाम.

लिगामेंट पूर्ण तुटलं असेल आणि मुलाला पिचरच राहायचं असेल, तर ही वाट जवळजवळ बंदच समजा. तो यापुढे फक्त फलंदाजी करणार असेल किंवा खेळच सोडणार असेल, तर मात्र ऑपरेशनची गरज बहुधा पडत नाही. रोजच्या जगण्यात या लिगामेंटशिवाय फारसं अडत नाही, आणि हे आईवडिलांना कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

शिवून आधार देण्याची वाट

याला इंटर्नल ब्रेस म्हणतात. आहे तेच लिगामेंट हाडाला पुन्हा शिवतात आणि त्यावर एक मजबूत पट्टी बसवतात, उसवलेल्या शिवणीला आतून फीत लावावी तशी. मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, परतलेला या पद्धतीचा पहिला चर्चेतला पिचर सेथ मॅनेस. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑपरेशन, मे २०१७ मध्ये कॅन्सस सिटीकडून माउंडवर. नवं लिगामेंट बसवण्याच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेला सव्वा ते दीड वर्ष लागतं, तिथे हे नऊ महिने. शाळकरी मुलं तर कधीकधी सहा-सात महिन्यांतही परततात.

अट एकच, पण कडक. लिगामेंट हाडाजवळच्या टोकाला निसटलेलं असावं आणि बाकीचं धड असावं. वर्षानुवर्षं झिजून मधे विरलेलं असेल तर शिवायला काही उरतच नाही. म्हणूनच सोळा-सतरा वर्षांच्या, एकाच झटक्यात दुखावलेल्या मुलासाठी ही वाट अनेकदा उत्तम असते. व्यावसायिक पिचर मात्र बऱ्याचदा तिच्यासाठी उशिरा पोचलेला असतो. मॅनेसची मोठ्या लीगमधली कारकीर्द त्या वर्षाच्या पुढे गेली नाही, आणि या पद्धतीचा दहा-पंधरा वर्षांचा अनुभव टॉमी जॉनइतका गाठीशी नाही. स्पेन्सर स्ट्रायडरचं कॉलेजात टॉमी जॉन झालं होतं, २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रेस बसवला, वर्षभराने तो परतला. पण २०२५ मध्ये त्याच्या फास्टबॉलला आधीचा वेग नव्हता.

नवं बसवण्याची वाट

टॉमी जॉन डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४ च्या जुलैमध्ये लिगामेंट तुटलं तेव्हा त्या हंगामात तो १३ जिंकून ३ हरला होता. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून कोपरात बसवला, आणि परतण्याची शक्यता शंभरात एक असल्याचं सांगितलं. १९७६ मध्ये तो परतला, १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे.

तो टेंडन बहुधा मनगटाचा असतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवलं तर तो मधोमध उठून दिसतो. बऱ्याच लोकांना तो नसतोच, मग मांडीतला घेतात. बसवलेल्या टेंडनला लिगामेंटचं काम शिकायला महिने लागतात आणि ते घाई केल्याने लवकर होत नाही. साधारण चार-पाच महिन्यांनी ४५ फुटांवरून हलकं फेकणं सुरू होतं, माउंडवर यायला नऊ महिने किंवा जास्त लागतात, सामना त्याच्याही पुढे.

मोठ्या लीगमधले सुमारे ८० टक्के पिचर यानंतर परतात. हा आकडा खरा आहे, पण नीट वाचायला हवा. यात एकच सामना खेळलेलाही परतलेला धरला जातो. आधीच्याच पातळीवर टिकून खेळणाऱ्यांची गणती केली तर प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास येतं. शिवाय वेग आधी येतो, नेमकेपणा नंतर. पहिला हंगाम चेंडू हवा तिथे पडत नाही म्हणून रडवतो, आणि त्यावरून मुलाचं काही बिघडलंय असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेत २००७ ते २०११ या काळातल्या विम्याच्या नोंदींनुसार या शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक १५ ते १९ वयाच्या मुलांवर झाल्या होत्या. आणि ऑपरेशननंतर वेग वाढतो, म्हणून दुखत नसलं तरी करून घ्यावं, असं मानणारी शाळकरी मुलंही पाहणीत आढळली. हा समज मुलाच्या डोक्यातून काढणं आईवडिलांचं काम आहे. वाढलेला वेग दिसला तर तो वर्षभर केलेल्या व्यायामाचा असतो.

कॅलेंडर समोर ठेवून

मुलगा अकरावीत जाणार आहे आणि कोपर जुलैत दुखावलं, असं धरू. जुलैअखेर ब्रेस बसवला तर पुढच्या वसंतातल्या हंगामाचा उत्तरार्ध तरी मिळू शकतो. जुलैत टॉमी जॉन केलं तर तो हंगाम पिचर म्हणून गेला, पण बारावीचा पूर्ण मिळतो. थांबून पाहिलं, ऑक्टोबरअखेर लांबून जोरात फेकल्यावर पुन्हा दुखलं आणि नोव्हेंबरमध्ये टॉमी जॉन केलं, तर अकरावीचा हंगाम जातोच आणि बारावीच्या हंगामाची तयारीही आखडते. थांबणं आणखी लांबून कोपर मार्चमधल्या पहिल्या सामन्यात तुटलं, तर दोन्ही हंगाम धोक्यात येतात. सगळ्यांत महाग हीच शेवटची गोष्ट, आणि शेवटची तारीख न ठरवल्याने नेमकी तीच घडते.

म्हणून अर्धवट फाटलेल्या, टोकाला न निसटलेल्या लिगामेंटसाठी मी बारा आठवडे देईन. त्या शेवटी १२० फुटांवरून सलग काही दिवस न दुखता फेकता आलं तर माउंडकडे. नाही आलं तर त्याच आठवड्यात सर्जनकडे. टोकाला निसटलं असेल आणि मुलाला कॉलेजात पिचरच व्हायचं असेल, तर मी थांबणार नाही.

पुन्हा तुटलं तर

कोणतीही वाट कायमची हमी देत नाही. ओहतानीचं २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा फाटलं, दुसरं ऑपरेशन झालं, २०२४ मध्ये त्याने फक्त बॅट चालवली आणि जून २०२५ मध्ये तो एका इनिंगपासून पुन्हा पिचिंगला लागला. डॅनियल हडसनची दोन ऑपरेशनं लागोपाठ २०१२ आणि २०१३ मध्ये झाली, आणि २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, शेवटचा बळी त्याने घेतला. जेकब डीग्रॉम दुसऱ्या ऑपरेशननंतर २०२५ मध्ये पूर्ण हंगाम खेळला. पण शेन मॅक्लॅनाहनचं दुसरं ऑपरेशन २०२३ मध्ये झालं, २०२४ ठरल्याप्रमाणे गेलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दंडातल्या नसेचं दुखणं उपटून तेही वर्ष गेलं. आपल्याकडचा रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे, त्याच नावाचा पिचर) २००८ मध्ये भारतातल्या स्पर्धेतून निवडला जाऊन पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला होता. २०१२ नंतर दुखापतींमुळे त्याला सामना खेळता आला नाही, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

वाट कुठलीही निवडा, परतल्यावरची शिस्त सारखीच. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमांनुसार १५-१६ वयाला दिवसाला ९५ आणि १७-१८ ला १०५ पिचची मर्यादा आहे, आणि वर्षातले किमान चार महिने स्पर्धेतली पिचिंग बंद. शाळेचा संघ, क्लब आणि शनिवार-रविवारचे शोकेस (निवड करणाऱ्यांसमोर खेळून दाखवण्याचे कार्यक्रम) असे तीन प्रशिक्षक असतील तर प्रत्येक जण आपल्यापुरतेच आकडे मोजतो. बेरीज घरातच करावी लागते.

सर्जनला भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा. एमआरआयमध्ये लिगामेंट शिवण्याजोगं दिसतं, पण कोपर उघडल्यावर ते विरलेलं निघालं तर काय करणार? बरेच सर्जन तेव्हा ब्रेस सोडून तिथल्या तिथे टॉमी जॉन करतात, आणि संमतिपत्रात दोन्ही लिहिलेलं असतं. म्हणजे सहा-सात महिन्यांचा हिशोब मनात धरून भूल घेतलेला मुलगा जागा होतो तेव्हा समोर सव्वा वर्ष असू शकतं. ही शक्यता त्याने आदल्या दिवशी सर्जनच्याच तोंडून ऐकलेली असायला हवी.